संगणक व इंटरनेट यांतील कांहीं शब्दांचा अर्थ : मंडळ्यांतील वर्गांकरितां पाठ

कल्याणच्या पुढें लोहमार्ग कर्जतच्या बाजूस वळला म्हणजे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं स्टेशनें एकामागून एक लागतात. या शहरांच्या आसपासच्या खेड्यांतील आमच्या ख्रिस्ती बंधुभगिनींपैकीं पुष्कळ जण कामानिमित्त रोज तेथें जातात, आणि बहुतेकांच्या हातांत आतां मोबाईल आहे. मोबाईल म्हणजे एक लहानसा संगणकच होय, ही गोष्ट मात्र थोड्यांसच ठाऊक आहे. शब्द रोज ऐकावयाचे, त्यांवर रोज बोट दाबावयाचें, आणि त्यांचा अर्थ विचारण्याची मात्र लाज वाटावी, अशी आपली स्थिति आहे. यांतून आम्ही स्वतःस वगळीत नाहीं.

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या मंडळीच्या मोबाईलवरील गटांत एका वडिलांच्या नंबरावरून एक लग्नपत्रिका आली. निदान ती लग्नपत्रिका आहे असें आम्हांस वाटलें. त्या वडिलांच्या घरीं उपवर मुलगी आहे, तेव्हां संशय घेण्याचें कारण नव्हतें. ती उघडावी म्हणून आम्हीं बोट दाबिलें. पत्रिका कांहीं दिसली नाहीं. मोबाईलानें दोनतीन प्रश्न विचारिले, व ते न वाचतांच आम्हीं प्रत्येकास होकार दिला. घटकाभरानें मंडळींतील एका विधवा बहिणीनें, जी अंबरनाथच्या एका कारखान्यांत माल बांधण्याचें काम करिते, आम्हांस विचारिलें, "पाळकसाहेब, पत्रिका उघडत नाहीं, काय करूं?" आम्हीं सांगितलें, "आमचीही उघडली नाहीं. तो जें विचारील त्यास हो म्हणा." त्या रात्रीं तिच्या खात्यांतून २३,४०० रुपये गेले. मुलीस परिचारिकेच्या शिक्षणास घालावयाचें म्हणून तिनें ते सांठविले होते. आमच्या खात्यांत, महिनाअखेर असल्यामुळें, चोरण्याजोगें कांहीं नव्हतें.

त्या पत्रिकेच्या नांवाच्या शेवटीं तीन इंग्रजी अक्षरें होतीं. तीं आम्हांस वाचतां आलीं, पण त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. तो ठाऊक असता तर आम्हीं त्या बहिणीस थांबविलें असतें. म्हणून हा पाठ लिहिला आहे. उपदेशक बंधूंनीं तो दोन किंवा तीन बैठकींत, शक्य तर हातांत मोबाईल घेऊन, शिकवावा.

आरंभीं शब्दांविषयींच थोडें सांगितलें पाहिजे. कित्येक विद्वान् लोक इंटरनेटास आंतरजाल किंवा महाजाल म्हणतात, व लिंकेस दुवा म्हणतात. संगणक हा शब्द चांगला रुळला आहे, तो आपण घेऊं. परंतु बदलापूरच्या स्टेशनाबाहेर मोबाईल दुरुस्त करणाऱ्यास "हा दुवा पहा" असें म्हटलें, तर आपण त्याच्यापाशीं आशीर्वाद मागत आहों असें त्यास वाटेल. परके शब्द घेण्यांत आपणांस संकोच नको. बाप्तिस्मा हा शब्द ग्रीक आहे, आमेन हा इब्री आहे, आणि पाद्री हा पोर्तुगीजांपासून आला. घराचें कुलूप जिनें उघडतों ती चावीही पोर्तुगीजच. तेव्हां या पाठांत लोकांच्या तोंडीं असलेलेच शब्द ठेविले आहेत.

संगणक म्हणजे सांगितलेल्या क्रमानें हिशेब करणारें यंत्र. त्यास फक्त दोन खुणा कळतात. त्या आपण ० व १ अशा लिहितों. अशा एका खुणेस बिट म्हणतात, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. सुमारें हजार बाइटांचा एक केबी, हजार केबींचा एक एमबी, आणि हजार एमबींचा एक जीबी. दुकानदार "रोज दीड जीबी" म्हणून जें विकतो तें हेंच माप होय. मराठी लिपींतील प्रत्येक खूण साधारणपणें तीन बाइट घेते. 'येशू' या शब्दांत य, त्याची मात्रा, श व त्याचा ऊकार अशा चार खुणा आहेत, म्हणजे बारा बाइट झाले. या हिशेबानें सबंध मराठी पवित्र शास्त्राचा मजकूर दहापंधरा एमबींच्या आसपास मावतो, आणि विनोदाचें एक पांच मिनिटांचें चलचित्र पुष्कळदां त्याहून अधिक जागा खातें. पवित्र शास्त्र ठेवण्यास मोबाईलांत जागा उरली नाहीं अशी ज्या बंधूंची तक्रार असते, त्यांनीं हा हिशेब एकदां करून पहावा.

यंत्राच्या स्मरणाचीं स्थानें दोन. पहिल्यास रॅम म्हणतात. ती शाळेंतील पाटीसारखी आहे; काम चालू असेपर्यंत लिहिलेलें राहतें, यंत्र बंद केलें कीं पुसून जातें. दुसऱ्यास स्टोरेज म्हणतात. अंबरनाथच्या जुन्या शिवालयांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, या सालचा लेख दगडांत कोरलेला आहे. कोरून ठेविला म्हणूनच तो इतकीं शतकें टिकला. स्टोरेज हें त्या दगडासारखें समजावें, इतकेंच कीं, तें आपल्या इच्छेनें पुसतांही येतें. मोबाईल विकणारा "आठ आणि एकशें अठ्ठावीस" असें म्हणतो, तेव्हां पहिला आंकडा पाटीचा व दुसरा दगडाचा असतो.

यंत्राचा जो भाग हातास लागतो त्यास हार्डवेअर म्हणतात, व त्यास चालविणाऱ्या आज्ञांस सॉफ्टवेअर. उपासनेंत वाजते ती पेटी हार्डवेअर, आणि वाजविणाऱ्याच्या ध्यानांत असलेली चाल सॉफ्टवेअर. सर्व यंत्राचा कारभार पाहणाऱ्या मुख्य सॉफ्टवेअरास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्यांतील बहुतेकांच्या मोबाईलांत ती अँड्रॉइड नांवाची असते. आणि एकेका कामापुरतें बनविलेलें जें सॉफ्टवेअर, तें ॲप.

आतां फाईल. या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावें. एका नांवाखालीं ठेविलेला मजकूर, चित्र, गाणें किंवा आज्ञांचा संच म्हणजे फाईल. आणि फायली ठेवण्याचा कप्पा म्हणजे फोल्डर. फायलीच्या नांवाच्या शेवटीं एक टिंब असतें व त्यापुढें बहुधा तीन किंवा चार अक्षरें असतात. त्यांस एक्स्टेन्शन म्हणतात. आम्हीं वर्गांत त्यांस फायलीची शेपटी म्हटलें, तेव्हां मुलांनीं तें लागलींच लक्षांत ठेविलें. शेपटीवरून जनावर ओळखावें तशी फाईल ओळखावी. जेपीजी असेल तर चित्र. एमपीथ्री असेल तर गाणें किंवा बोलणें. एमपीफोर असेल तर चलचित्र. पीडीएफ असेल तर छापल्यासारखीं पानें. आणि एपीके असेल तर तें नवें ॲप होय, जें दाबल्याबरोबर मोबाईलांत आपलें बिऱ्हाड थाटूं पाहतें.

लग्नपत्रिका चित्र असूं शकेल, पानें असूं शकेल, चलचित्र असूं शकेल. तिची शेपटी एपीके असण्याचें कांहींच कारण नाहीं. तीच गोष्ट विजेच्या बिलाची, वाहनाच्या दंडाच्या पावतीची, सरकारी योजनेच्या यादीची. आमच्या गटांत आलेल्या पत्रिकेची शेपटी एपीके होती. आम्ही पत्रिका उघडीत आहों असें समजत होतों, आणि वस्तुतः एका अनोळखी मनुष्यास घरांत कामावर ठेवीत होतों. मोबाईलानें जे प्रश्न विचारिले ते असे होते कीं, या ॲपास तुमचे एसेमेस वाचूं द्यावे काय, तुमच्या नंबरांची यादी पाहूं द्यावी काय. या मुभेस परमिशन म्हणतात. एसेमेस वाचण्याची परमिशन मिळाली म्हणजे बँकेकडून येणारा गुप्त आंकडा चोरास बसल्या जागीं मिळतो. आणि मोबाईल हातीं आला म्हणजे तीच पत्रिका आपल्या नांवानें आपल्या ओळखीच्या लोकांस जाते. त्या वडिलांनीं ती पाठविलीच नव्हती. ती त्यांच्याही मोबाईलांत अशीच शिरली होती, आणि दोन दिवस अर्धी मंडळी त्यांच्याकडे वांकड्या नजरेनें पाहत होती.

ॲप घ्यावयाचें झाल्यास तें प्ले स्टोअर नांवाच्या दुकानांतून घ्यावें. तेथेंही क्वचित् खोटा माल सांपडतो, परंतु रस्त्यावर कोणी हातांत दिलेली पुडी व दुकानांतील औषध यांत जो फरक, तो येथेंही आहे. घेतल्यावर जी परमिशन मागेल तिचा त्या कामाशीं संबंध आहे काय, हें पहावें. गीतांच्या पुस्तकाच्या ॲपास आपले एसेमेस कशास पाहिजेत?

मराठींत लिहिण्याविषयीं पुष्कळ उपदेशक विचारितात, म्हणून येथें दोन शब्द. केडगांव येथील मुक्ती मिशनांत पंडिता रमाबाई यांनीं मराठी पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें, तेव्हां तेथील स्त्रियांनीं व मुलींनीं शिशाचे खिळे एकेक जुळवून तें छापिलें; तें १९२४ सालीं, रमाबाईंच्या मरणानंतर, पुरें होऊन बाहेर आलें. संगणकांत शिशाचे खिळे नाहींत. प्रत्येक अक्षरास एक नंबर दिलेला आहे. पूर्वीं निरनिराळ्या कंपन्यांनीं आपापल्या सोयीनें निरनिराळे नंबर दिले होते, त्यामुळें पुण्यास लिहिलेलें पत्र अहमदनगरच्या यंत्रावर उघडलें तर भलतींच चिन्हें दिसत. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या योजनेनें जगांतील लिप्यांस सामाईक नंबर देण्यास आरंभ केला, व देवनागरी तींत पहिल्यापासून आहे. अक्षराच्या वळणास फॉन्ट म्हणतात. फॉन्ट बदलला तरी नंबर तोच राहतो, म्हणून मंडळीचा अहवाल युनिकोडांतच लिहावा. मोबाईलांतील मराठी कीबोर्ड युनिकोडच लिहितो. निराळें कांहीं करावें लागत नाहीं.

इंटरनेट म्हणजे संगणकांच्या जाळ्यांस एकमेकांशीं जोडणारें मोठें जाळें. तें आकाशांत आहे अशी पुष्कळांची समजूत आहे. मोबाईलापासून टॉवरापर्यंतचा प्रवास तेवढा हवेंतून होतो. पुढील बहुतेक वाट जमिनीखालून व समुद्राच्या तळावरून टाकिलेल्या कांचेच्या केसासारख्या तंतूंतून असते, व त्यांतून प्रकाशाच्या रूपानें निरोप जातो. मुंबईस वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा समुद्रांतील तारा जमिनीवर येतात. या जाळ्याचा आरंभ अमेरिकेंत झाला. २९ ऑक्टोबर १९६९ या दिवशीं कॅलिफोर्निया प्रांतांतील दोन ठिकाणच्या संगणकांमध्यें पहिला निरोप धाडिला गेला. लॉगिन हा पांच इंग्रजी अक्षरांचा शब्द पाठवावयाचा होता. दोन अक्षरें पोहोंचलीं आणि यंत्र बंद पडलें. ज्या बंधूंस पहिल्याच दिवशीं मोबाईल अडला म्हणून रडूं येतें, त्यांस ही हकीगत सांगावी. आपल्या देशांत सामान्य लोकांकरितां ही सेवा विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू केली.

निरोप सबंध जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे करितात, त्यांस पॅकेट म्हणतात; प्रत्येकावर तो कोणाकडून आला, कोणाकडे जावयाचा व त्याचा अनुक्रम काय, हें लिहिलेलें असतें. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरानें महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली, आणि हजाराच्या आसपास उतारूंस पाण्यांतून सोडवावें लागलें, हें या भागांतील लोक विसरले नाहींत. गाडी सबंध एका रुळावर होती. तिला मागें ना पुढें. पॅकेटांचें तसें नाहीं. एक वाट बुडाली तर पुढचे तुकडे दुसऱ्या वाटेनें जातात, मुक्कामीं पोहोंचल्यावर अनुक्रमानें जुळविले जातात, आणि एखादा हरवला तर तेवढाच पुन्हां मागविला जातो.

या तुकड्यांस पत्ता लागतो. उल्हासनगर हें मूळचें कल्याण कॅम्प. फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित तेथील लष्करी बराकींत राहिले, व १९४९ सालीं त्या वस्तीस हें नांव मिळालें. आजही तेथील पत्त्यांत कॅम्पाचा व बराकीचा नंबर लिहितात. टपालाचा पिनही सर्वांस ठाऊक आहे: उल्हासनगरचे पिन ४२१००१ पासून ४२१००५, अंबरनाथचा ४२१५०१, बदलापूरचा ४२१५०३. ही पिनची योजना टपालखात्यांतील श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानें आंखिली, व ती १५ ऑगस्ट १९७२ पासून अंमलांत आली. इंटरनेटावरील प्रत्येक यंत्रासही असाच आंकड्यांचा पत्ता असतो, त्यास आयपी ॲड्रेस म्हणतात. परंतु मनुष्यास आंकडे आठवत नाहींत, म्हणून सोयीसाठीं नांवें दिलीं. अशा नांवास डोमेन म्हणतात. नांव सांगितलें कीं त्याचा आंकडा काढून देणारी जी व्यवस्था, ती डीएनएस.

डोमेन शेवटाकडून वाचण्याची संवय लावावी. पत्रावर मनुष्याचें नांव प्रथम व प्रांताचें शेवटीं असतें, तसेंच हें आहे. ज्याचा शेवट 'डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे तें आपल्या देशांतील सरकारचें स्थान. रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं बँकांस आपलीं संकेतस्थळें 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर नेण्यास सांगितलें व ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. तो शेवट बँकेवांचून दुसऱ्यास मिळत नाहीं. ठक काय करितात, तर आरंभीं बँकेचें नांव ठळक घालतात, आणि शेवट भलताच ठेवितात. घाईंत वाचणारा पहिलाच शब्द वाचतो. यहोशवाच्या नवव्या अध्यायांत गिबोनाचे लोक जुनीं गोणपाटें, फाटके बुधले, झिजलेले जोडे व बुरसलेल्या भाकरी घेऊन आले, आणि आपण फार दूर देशाहून आलों असें त्यांनीं भासविलें. इस्राएलाच्या वडिलांनीं भाकरी पाहिल्या, परंतु ज्यास विचारावयाचें त्यास विचारिलें नाहीं. अशा सोंगास आजच्या भाषेंत फिशिंग म्हणतात: गळास आमिष लावून खात्याचा नंबर व पासवर्ड ओढून काढणें.

बाकीचे शब्द थोडक्यांत घेऊं. इंटरनेट व वेब हीं एक नव्हेत. इंटरनेट हा लोहमार्ग, आणि वेब ही त्यावरील अनेक गाड्यांपैकीं एक गाडी. वेबाची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत मांडिली, आणि १९९३ सालीं त्या संस्थेनें ती सर्वांस फुकट खुली केली. वेबावरील पानें दाखविणारें सॉफ्टवेअर तें ब्राउझर. क्रोम हें त्यांपैकीं एक. पानांचा एकत्र संच म्हणजे संकेतस्थळ. ज्यावर बोट ठेविलें असतां दुसरें पान उघडतें ती लिंक. जेथून पानें मिळतात तो संगणक सर्व्हर. या शब्दाचा मूळ अर्थ सेवक असाच आहे. क्लाउड म्हणजे ढग, परंतु त्यांत ढग कोठेंही नाहीं; दुसऱ्याच्या इमारतींत ठेविलेल्या सर्व्हरांवर आपली वस्तु ठेवणें, इतकाच त्याचा अर्थ. ईमेलाच्या पत्त्यांत नांव व स्थान यांमध्यें जें ॲट नांवाचें चिन्ह असतें, तें १९७१ सालीं रे टॉमलिन्सन यांनीं त्या कामास लाविलें. त्यापूर्वीं व्यापारी तें बिलांत दराच्या आधीं लिहीत, व उल्हासनगरच्या कापडाच्या दुकानांतून अजूनही लिहितात. डाउनलोड व अपलोड यांत गोंधळ होतो. रेल्वेची आठवण ठेवावी. मुंबईकडे जाणारी गाडी अप, व कर्जतकडे येणारी डाऊन. सर्व्हर मुंबईस आहे असें समजा व आपण बदलापुरास. आपल्याकडे येतें तें डाउनलोड, आपण तिकडे पाठवितों तें अपलोड.

शेवटीं किल्ल्यांविषयीं. युजरनेम हें आपलें नांव. तें दुसऱ्यास कळलें तरी चालतें. पासवर्ड ही आपण स्वतः ठरविलेली गुप्त किल्ली. ती लांब असावी, प्रत्येक खात्याची निराळी असावी, व मुलाचें नांव किंवा जन्मसाल हें तींत नसावें. वहींत लिहून घरांत कुलपांत ठेविली तर आमच्या मतें दोष नाहीं. विसरण्यापेक्षां तें बरें. मोबाईलाच्या पाठीवर चिठ्ठी लावून ठेवूं नये, आणि आम्हीं तसें पाहिलें आहे. ओटीपी म्हणजे एक वेळचा पासवर्ड. तो बँक किंवा कार्यालय एसेमेसनें पाठवितें, आणि थोड्या मिनिटांत तो निरुपयोगी होतो. ज्या कामासाठीं तो आला तें काम त्याच एसेमेसांत बहुधा लिहिलेलें असतें. तेवढें वाचलें तरी पुष्कळ नुकसान टळतें. बँकेचा खरा नोकर ओटीपी कधींही विचारीत नाहीं.

यूपीआय ही २०१६ सालीं सुरू झालेली पैसे देण्याघेण्याची रीति. तिचा पिन निराळा असतो, आणि त्याविषयीं एक नियम मंडळींतील प्रत्येक मनुष्यास पाठ असावा: पैसे पाठवितांना पिन लागतो, पैसे घेतांना कधींच लागत नाहीं. कोणी म्हणेल, "तुम्हांस पांच हजार पाठवितों, तेवढा पिन घाला," तर तो पाठवीत नसून काढीत आहे. चौकोनी ठिपक्यांच्या चित्राचेंही तसेंच. त्यास क्यूआर कोड म्हणतात; तो १९९४ सालीं जपानांत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्याकरितां काढिला गेला. दुकानदाराचा कोड आपण वाचतों तो पैसे देण्यास. पैसे मिळावे म्हणून अनोळखी मनुष्याचा कोड वाचण्याचें प्रयोजनच नाहीं.

एका किल्लीवर भिस्त न ठेवतां दोन निराळ्या खुणा मागण्याच्या रीतीस टू-स्टेप व्हेरिफिकेशन म्हणतात. उत्पत्तीच्या २७ व्या अध्यायांतील इसहाकाची गोष्ट वर्गांत वाचून दाखवावी. त्यास डोळ्यांनीं दिसत नव्हतें, तरी त्यानें आपल्या पुत्रास चार प्रकारें पारखिलें: नांव विचारिलें, आवाज ऐकिला, हात चांचपिले, वस्त्राचा वास घेतला. त्यांपैकीं आवाज जुळला नाहीं. येथेंच त्यानें थांबावयाचें होतें. परंतु हातांवर केंस लागले म्हणून त्यानें आवाजाची साक्ष बाजूस ठेविली, आणि एसावाचा आशीर्वाद याकोबास गेला. बँकेचें यंत्र इसहाकाहून कठोर असतें. एक खूण चुकली तर तें दार उघडीत नाहीं. म्हणूनच चोर यंत्रास फसवीत बसत नाहीं, तो आपणांस फसवून दोन्ही खुणा आपल्याच हातून घेतो. आतां तर संगणकास मनुष्याचा आवाज हुबेहूब काढतां येतो. मुलाच्या आवाजांत "पोलिसांनीं धरलें, पैसे पाठवा" असा फोन आला, तर फोन ठेवून मुलाच्या नेहमींच्या नंबरावर आपण स्वतः फोन करावा. आणि डिजिटल अरेस्ट म्हणून जें कांहीं सांगतात, कीं तुम्ही फोनसमोरून उठूं नका, तुम्हांस येथेंच अटक झाली आहे, तशी अटक आपल्या कायद्यांत मुळींच नाहीं.

इतकें करूनही चोरी झाली, तर वेळ दवडूं नये. आमच्या बहिणीच्या बाबतींत आमची दुसरी चूक हीच झाली. चोरी शनिवारीं रात्रीं झाली. आम्हीं तीस सांगितलें कीं बँक सोमवारीं उघडेल, तेव्हां जाऊं. तोंपर्यंत पैसा चार खात्यांतून फिरून निघून गेला होता. १९३० हा सायबर गुन्ह्यांकरितां सरकारचा नंबर आहे, आणि त्यावर कळविल्यास पैसा चोराच्या खात्यांतून निघण्यापूर्वीं अडवितां येण्याचा संभव असतो. हीच तक्रार 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' येथेंही नोंदवितां येते. या नांवाचा शेवट कसा आहे तो पहावा. बिघडलेल्या मोबाईलांतील सिम काढावें, त्याचें इंटरनेट बंद करावें, आणि बँकेस व १९३० ला दुसऱ्याच्या मोबाईलावरून कळवावें. खात्याचा नंबर, रक्कम, वेळ व व्यवहाराचा क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावा, कारण तेच प्रथम विचारितात.

वर्गांत पुढील प्रश्न विचारावे. बदलापूरच्या मनुष्यानें उल्हासनगरच्या मनुष्यास चित्र पाठविलें, तर अपलोड कोणी केलें व डाउनलोड कोणी केलें? "वीजबिल डॉट एपीके" हें बिल आहे कीं दुसरें कांहीं? पैसे मिळावयाचे असतां पिन मागितला, तर काय समजावें? त्यानंतर प्रत्येकानें आपला मोबाईल काढून सेटिंग्ज, ॲप्स व परमिशन या क्रमानें जावें, आणि कोणकोणत्या ॲपांस एसेमेस वाचण्याची मुभा आहे तें मोठ्यानें वाचावें. आमच्या वर्गांत हें केलें तेव्हां एका आजीच्या मोबाईलांत तीच लग्नपत्रिका अजून बसलेली निघाली.